संस्थांनी एकमेकींचा हात धरावा
(पुरुषोत्तमनगर येथील भाषण)



आज मला अपंग माणसांविषयी बोलायचे आहे. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द असतो. गावात आपण अजून अपंग म्हणतो. शब्द कोणताही घ्या, पण बोलताना माणसाचा मान राखा. आंधळा, लंगडा, बहिरा अशी हाक मारू नका. प्रत्येकाला आईबापांनी नाव ठेवलेले आहे. त्या नावाने हाक मारा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. अपंगांना मदत करणारे कोणी नाही, असे नाही. दवाखाना आहे. शाळा आहे. ग्रामपंचायत आहे. जिल्हा परिषद आहे. कुठे एखादा ट्रस्ट तीनचाकी सायकल देतो. कुठे एखादी संस्था डोळे तपासते. मग अडते कुठे? अडते ते एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतच्या वाटेवर.

समजा, वर तोरणमाळच्या बाजूला एका पाड्यावर एक मुलगी आहे. दोन वर्षांची झाली, तरी हाक मारली की वळून पाहत नाही. आशाताई म्हणतात, "तालुक्याला दाखवा." तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, "कानाची तपासणी जिल्ह्याला होईल." बाप मजुरी बुडवून नंदुरबारला जातो. दोन खेपा होतात. अखेर अपंगत्वाचा दाखला हातात पडतो. पण तो घेऊन पुढे कोणाकडे जायचे? ते कोणी सांगत नाही. दाखला पत्र्याच्या पेटीत जातो. कानाचे यंत्र देणारी एक संस्था असते. तिला ही मुलगी ठाऊकच नाही. कर्णबधिर मुलांची शाळा असते. तिलाही ठाऊक नाही. मुलगी गावच्या शाळेत मागच्या रांगेत बसते. सगळ्यांना वाटते, पोर मंद आहे. बघता बघता ती नऊ वर्षांची होते.

आता दोष कोणाचा? आशाताईंनी आपले काम केले. डॉक्टरांनी केले. गुरुजींनीही केले. तरी पोर होती तिथेच राहिली. बोली शिकण्याचे खरे वय पहिल्या पाचसहा वर्षांचे. ते निघून गेले. ते कोणत्याही दाखल्याने परत येत नाही.

मंडळी, तुम्ही पुरुषोत्तमनगरची माणसे. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना याच गावातला. उसाचे काम कसे चालते, हे मी तुम्हाला काय सांगणार? ऊस चांगला आहे. तोडणारी टोळी चांगली आहे. गाडीवान चांगला आहे. पण ऊस तोडला आणि गाडीच आली नाही, तर काय होते? ऊस फडात वाळतो. वजन घटते, उतारा घटतो. म्हणून फडाची नोंद असते. तोडणीची चिठ्ठी असते. फडातून गाडीवर, गाडीवरून काट्यावर, काट्यावरून गव्हाणीत, कोणाचा ऊस कुठे पोचला ते कळते. उसाच्या कांड्याची आपण एवढी काळजी घेतो. मग माणसाच्या पोराची का घेऊ नये?

माझे म्हणणे एवढेच आहे. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अशी एक साखळी करावी. माणूस एका दारातून निघाला, की दुसऱ्या दारात पोचला का, हे कोणीतरी पाहावे.

हे होते का? होते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अक्षरांची. तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. अक्षराची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना दिसत नाही, ते बोटांनी वाचतात. कागदावर उठलेले ठिपके असतात. सहा ठिपक्यांच्या जागांतून सारी अक्षरे बनतात. फ्रान्समधल्या लुई ब्रेल याने ही लिपी काढली. तो स्वतः अंध होता. ही लिपी आपल्या देशात आली. पण झाले काय, की निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे ठिपके ठरले. एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येईना. मग सर्वांनी मिळून विचार केला. १९५१ साली साऱ्या देशासाठी एक भारती ब्रेल ठरली. आता मराठीतला 'क', हिंदीतला 'क' आणि बंगालीतला 'क' एकाच ठिपक्यांनी लिहितात. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना उभी राहिली. तिला लोक 'नॅब' म्हणतात. शाळा वेगळ्याच राहिल्या. भाषा वेगळ्याच राहिल्या. खूण मात्र एक झाली.

दुसरी गोष्ट कायद्याची. पूर्वी अंधांची संस्था अंधांसाठी मागणी करी. बहिऱ्यांची संस्था बहिऱ्यांसाठी करी. सरकारला वाटे, ही थोडीशी माणसे आहेत. मग ही माणसे दिल्लीत एकत्र आली. त्यांच्यात जावेद आबिदी नावाचे कार्यकर्ते होते. ते स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हिंडत. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग माणसे रस्त्यावर उतरली. त्याच महिन्यात संसदेने अपंगांचा कायदा मंजूर केला. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणी झाली नव्हती. संघटनांनी धरणे धरले, आग्रह केला. २००१ साली मोजणी झाली. देशात २ कोटी १९ लाख अपंग निघाले. २०११ साली २ कोटी ६८ लाख निघाले. आता कोण म्हणेल, थोडी माणसे आहेत?

पहिल्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात २१ झाले. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आला. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा बांधवांत हा आजार बराच आढळतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक नसांत अडकतात. अंग असह्य दुखते. वरून पाहावे तर हातपाय धड दिसतात. लोक म्हणतात, "सोंग करतो." अशा माणसाला दवाखाना हवा, शाळेत सवलत हवी, अंगाला झेपेल असे काम हवे. ही तिन्ही कामे एका संस्थेच्या हातची नव्हेत.

मग काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक. गावाची यादी करा. आशाताई, अंगणवाडीताई, गुरुजी आणि ग्रामसेवक यांनी ती मिळून करावी. पाडे सोडू नका. मात्र ज्याचे नाव लिहाल, त्याला आधी विचारा. ही यादी चावडीवर वाचून दाखवायची नाही. ती कामासाठी आहे, चर्चेसाठी नाही.

दोन. माणसाला नुसते "तिकडे जा" म्हणू नका. सोबत चिठ्ठी द्या. पाठवले कोणी, कशासाठी, कोणाकडे, हे तीत लिहा. ज्याच्याकडे माणूस जाईल, त्याने उलट निरोप पाठवावा. पंधरा दिवसांत निरोप आला नाही, तर पाठवणाऱ्याने चौकशी करावी. साखळीचा जीव या उलट निरोपात आहे.

तीन. महिन्यातून एक दिवस तालुक्याला एकत्र बसा. दवाखाना, शाळा, पंचायत, ट्रस्ट, सारे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा नियम आहे. ती कशावर खर्च व्हावी, हे त्या बैठकीत बोला.

चार. त्या बैठकीत अपंग माणसे स्वतः हवीत. कोपऱ्यात नव्हेत, पुढे. आमच्याविषयी आमच्यावाचून काही ठरवू नका, असे जगभरचे अपंग सांगतात. ते खरे आहे. जोडा कुठे चावतो, हे घालणाऱ्यालाच कळते.

यात एक खोडा असतो, तोही सांगतो. तो श्रेयाचा. प्रत्येकाला आपला फलक, आपला फोटो हवा असतो. मग एकाच घरी दोन तीनचाकी सायकली येतात आणि शेजारच्या पाड्यावर एकही पोचत नाही. संस्थांनी एकमेकींत विरून जावे, असे मी म्हणत नाही. साखळीची प्रत्येक कडी वेगळीच असते. पण ती शेजारच्या कडीत अडकलेली असते.

गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. संस्थांचेही तसेच आहे. आणि ही साखळी कोणी वरून आणून देणार नाही. पहिली कडी गावातच घडते. तुम्ही आता लिहू शकता. मग यादीतले पहिले नाव तुम्हीच लिहा. पहिली चिठ्ठी तुम्हीच लिहा. म्हणजे पुढच्या दोन वर्षांच्या मुलीला नऊ वर्षांची होईपर्यंत थांबावे लागणार नाही.