पोपटीची चव घरात, धूर मात्र अंगणात

पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बायका आज तुमच्याशी पोपटीबद्दल बोलणार आहोत. पण शेतातल्या नाही, घरातल्या पोपटीबद्दल.

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हल्ली नेहमी निघतो. थंडी सरली, वालाच्या शेंगा संपल्या, शेतात जाळ करायची सोय नाही, आणि पाहुणे तर पोपटी मागतात. घरात छोटा ओटीजी ओव्हन आहे. त्यात आख्खी कोंबडी पोपटीच्या चवीची होईल का? होते, मैत्रिणींनो, चांगली होते. मात्र त्यासाठी धूर कुठे ठेवायचा हे आधी ठरवायला हवं.

पोपटी आपल्याला नवी नाही. भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल येतो. त्याच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे असे थर लागतात. तोंड पाल्यानं दाबून बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. आत ना पाणी, ना तेल. मडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि चर्र होऊन पाणी उडालं, की पोपटी झाली.

आता यात चव कशानं येते ते बघा. एक, चारी बाजूंनी लागणारी आच. दोन, पाल्याची आणि शेंगांची आतच कोंडलेली वाफ. तीन, पाल्याचा वास आणि धूर. पहिली गोष्ट ओव्हन देतो. दुसरी केळीचं पान देतं. तिसरी आपण शेवटी द्यायची, तीही घराबाहेर.

कागद-पेन घ्या, कृती सांगतो.

सवा किलोची साफ केलेली आख्खी कोंबडी घ्या. दुकानदाराला आधीच सांगा, कातडीसकट हवी. कातडीमुळे मांस कोरडं पडत नाही. जून गावठी कोंबडी ओव्हनमध्ये चिवट राहते, ती रश्श्यालाच बरी. गावठीच हवी तर तलंग घ्या. कच्ची कोंबडी वाहत्या नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर, ताटल्यांवर उडतात आणि जंतू पसरतात. कागदानं किंवा स्वच्छ फडक्यानं टिपून घ्या, फडकं लगेच उकळत्या पाण्यात टाका आणि हात साबणानं धुवा.

वाटणासाठी एक कांदा, लसणीचा एक गड्डा आणि चार-पाच मिरच्या थेट गॅसच्या आचेवर काळपट होईपर्यंत भाजा. भाजल्याचा निम्मा वास इथेच येतो. वरचं जळलेलं साल झटका. त्यात आलं, कोथिंबीर, चहाचे दोन चमचे मीठ, एक चमचा ओवा आणि लिंबाचा रस घालून जाडसर वाटा. मांड्यांना आणि छातीला सुरीनं खोल चिरा द्या आणि वाटण चिरांत, कातडीखाली, पोटात चोळा. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, म्हणजे कच्चं पाणी दुसऱ्या अन्नावर ठिबकत नाही.

भाजण्याआधी अर्धा तास कोंबडी बाहेर काढा. ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापू द्या. ट्रेमध्ये तळाला वालाच्या शेंगा पसरा. शेंगांचा हंगाम नसेल तर बटाटे, रताळी किंवा अलिबागचा पांढरा कांदा चालतो. कोंबडीचा रस त्यांवर उतरतो आणि ते कोंबडीइतकेच चवीचे होतात. भांबुर्डी मिळाली तर स्वच्छ धुऊन मूठभर पाला पोटात घाला. नाही मिळाली तर ओवा पुरतो, पण ओळखीचा नसलेला पाला अजिबात वापरू नका. पोट गच्च भरू नका, आतलं मांस कच्चं राहतं.

केळीचं पान आचेवर शेकून मऊ करा, कोंबडीला तेलाचा हात लावून त्यात गुंडाळा. ट्रे खालच्या खाचेत ठेवा. पान वरच्या सळईला लागलं तर पेटू शकतं. पन्नास मिनिटांनी पान उघडा आणि आणखी वीस-पंचवीस मिनिटं भाजू द्या, म्हणजे रंग येतो. उकडलेली अंडी शेवटच्या दहा मिनिटांत ट्रेमध्ये ठेवा.

शिजली की नाही, हे रंगावरून ठरवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश दिसायला हवेत. नसेल तर मांडी आणि धड जुळतात तिथे सुरी टोचा. रस लालसर न येता स्वच्छ यायला हवा आणि तंगडी हलवल्यावर सांध्यात सैल फिरायला हवी. शंका वाटली तर पुन्हा दहा मिनिटं ठेवा.

आता धूर. कोंबडी मोठ्या पातेल्यात ठेवा आणि पातेलं अंगणात न्या. त्यात स्टीलची छोटी वाटी ठेवा. करवंटीच्या कोळशाचा एक तुकडा बाहेरच पूर्ण लाल करा, वर पांढरी राख धरली पाहिजे. तो वाटीत ठेवून वर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच झाकण लावा. पाच मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवलं तर चव कडवट होते. झाकण उघडताना तोंड बाजूला घ्या आणि कोळसा पाण्याच्या बादलीत टाका.

हे अंगणातच का, ते नीट ऐका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. बंद खोलीत तो साठला की डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून पेटता कोळसा ओव्हनमध्ये ठेवायचा नाही आणि दारं-खिडक्या लावलेल्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवायची नाही. असा त्रास कुणाला झालाच तर आधी उघड्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. पेण-रोहा शहरात बंद फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहिणींनी कोळसा सोडूनच द्यावा. आचेवर भाजलेल्या कांदा-लसणीनंही छान चव येते.

आपल्या आया-सासवांनी चुलीपुढे डोळे लाल करून घेतले, छातीत खोकला घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला, तेव्हा कुठे बऱ्याच घरांतला धूर कमी झाला. तो आता चवीच्या नावाखाली परत आत घ्यायचा नाही.

शेवटचं, पैशाचं. गटानं ऑर्डर घ्यायची तर आधी अन्न व्यवसायाची नोंदणी करा. भाव ठरवताना कोंबडी, मसाला, पान, डबा आणि वीज सगळं धरा. दीड हजार वॅटचा ओव्हन सव्वा-दीड तास चालला की साधारण दोन युनिट जातात. आणि आपली मजुरी धरा, ती आपण नेहमी विसरतो. कोंबडी गरम असतानाच पोचवा, नाहीतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. वीज मध्येच गेली तर अर्धी शिजलेली कोंबडी ओव्हनमध्ये पडू देऊ नका. तुकडे करून गॅसवर पूर्ण शिजवा आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.

शेतातली पोपटी शेतातच खरी. थंडीत वाल आला की मडकं लावूच, आणि तेव्हा शेंगा निवडण्यापुरतं न थांबता आपणही जाळापाशी बसू. बाकीच्या महिन्यांसाठी ओव्हन आहे. करून बघा आणि कशी झाली ते गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा.