बेभान : वाक्यात उपयोग करा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास यायचा : 'पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा.' सोपा प्रश्न, फुकटचे गुण. आज त्या प्रश्नासाठी आपण एकच शब्द घेऊ : बेभान.

तापात बरळणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'डिलिरियस' म्हणतात, आणि आनंदानं वेडा झालेल्यालाही तेच विशेषण लावतात. त्याचं मूळ लॅटिन आहे. 'लिरा' म्हणजे नांगराचं तास. ते सोडून जो भरकटला, तो डिलिरियस. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मराठीत मात्र तापात बरळणाऱ्याला 'वात झाला' म्हणतात आणि अति आनंद झालेल्याला 'हर्षवायू'. म्हणजे दोन्हीकडे खापर वाऱ्यावरच! 'बेभान' हे विशेषण मात्र दोघांनाही चालतं. लिंग बदला, वचन बदला, त्याचं रूप बदलत नाही. बेभान माणूस, बेभान बाई, बेभान पोरं.

या शब्दाची घडण मला फार आवडते. 'बे' फारसी आणि 'भान' संस्कृत. आमच्या घरात दखनी बोलत, तिथे 'होश' होता; शाळेत गुरुजींकडे 'भान' होतं. मराठीनं फारसीतला 'बे' घेतला आणि आपल्या शब्दांशी त्याचा संसार थाटून दिला : बेशुद्ध, बेसूर, बेचव, बेभान. आज कुणाला त्यातला सांधाही दिसत नाही. 'भान' ज्या 'भा' धातूतून आलं, त्याचा अर्थ प्रकाशणं. प्रभा, आभा त्यातल्याच. 'भास'ही त्याच कुळातला. भान म्हणजे आतला उजेड. तो मंदावला की भास सुरू होतात.

आता वाक्यात उपयोग करू.

पहिलं वाक्य : 'आजारी म्हातारा बेभान झाला होता.' काही वर्षांपूर्वी आमचे अब्बा आजारी पडले. दोन दिवसांत त्यांचं बोलणं बदललं. दिवसा बरे असत. रात्र झाली की कधीच वारलेल्या भावाला हाका मारत, विहिरीवर बादली राहिली म्हणून उठू पाहत. भेटायला येणारे हळूच म्हणत, 'म्हातारचळ लागलाय, वय झालं.' डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा सोडियम फार उतरलेलं निघालं. उपचार झाले आणि चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा मागितला, पेपर मागितला, आणि पेपर कालचा आहे म्हणून आमच्यावर चिडले. त्या चिडण्याइतकं गोड काही मी ऐकलेलं नाही.

ही गोष्ट घरोघरी घडते म्हणून सांगतो. म्हातारपणाचा विसराळूपणा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. बेभानपण तासांत, फार तर दिवसांत येतं, कमीजास्त होतं, रात्री बळावतं. त्यामागे लघवीचा संसर्ग असेल, अंगातलं पाणी आटलेलं असेल, क्षार घटलेले असतील, एखादं औषध बाधलेलं असेल. कारण सापडून त्यावर इलाज झाला, की पुष्कळदा माणूस भानावर येतो. 'म्हातारचळ' म्हटलं की आपण दार लावून घेतो. 'बेभान' म्हटलं तर भान परत येण्यासाठी दार उघडं राहतं. शब्द चुकला तर डॉक्टरकडे न्यायला उशीर होतो, इतकं हे साधं आहे.

दुसरं वाक्य : 'वारकरी बेभान होऊन नाचत होते.' पंढरीच्या वाटेवर दिंडीत पाहा. घामाची, वयाची, जातीची आठवण राहिलेली नाही. पण टाळ चुकत नाही, पाऊल मृदंगाबाहेर पडत नाही, पुढच्याला धक्का लागत नाही. 'मी' विसरला, ताल विसरला नाही. आमच्याकडे कव्वालीच्या मैफलीत कुणाला 'हाल' येतो, म्हणजे तो भावावस्थेत जातो. मराठीत याच अरबी शब्दाचे 'हाल हाल' झाले, ही त्याची वेगळी कहाणी! हाल आला की शेजारचे त्याला सावरतात, आणि कव्वाल तीच ओळ पुनःपुन्हा गात राहतो, तो परत येईपर्यंत. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफीही होते आणि मराठी संतही. ही दोन्ही बेभानपणं त्यांना परकी वाटली नसणार.

तिसरं वाक्य आपण बातमीत नेहमी वाचतो : 'बेभान जमावाने मारहाण केली.' इथे मात्र माझी लेखणी अडखळते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्याचं मोबाइलवर चित्रीकरणही झालं. आता सांगा, वाट शोधून माणसाला खोलीपर्यंत नेणारा, मोबाइल स्थिर धरणारा हात बेभान असतो का? तापातल्या माणसाला पेला नीट धरता येत नाही. जमावाला मात्र दगड नीट धरता येतो. त्याचा नेमही चुकत नाही.

बेभान माणसाला आपण दोष देत नाही, कारण त्या वेळी तो स्वतःच्या ताब्यात नसतो. ही सवलत आजाऱ्याची आहे. ती आपण जमावाला देऊन टाकतो आणि आजाऱ्याला मात्र 'चळला' म्हणून मोकळे होतो. ज्याचा हक्क त्याला मिळत नाही, आणि ज्याचा नाही त्याला आयताच मिळतो. जमावासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. 'क्रूर' आहे, 'निर्दय' आहे, आणि सर्वांत साधा 'मारेकरी' आहे.

विशेषण नामाबद्दल अधिक माहिती सांगतं, असं आपण व्याकरणात शिकलो. कधी कधी ते नामाला पाठीशीही घालतं. म्हणून 'बेभान' लिहिण्याआधी पुढचं नाम पाहावं. याचं भान खरंच गेलं होतं का? ते परत आणायला आपण काही केलं का? वार्ताहरानं, शिक्षकानं आणि घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकानं हे दोन प्रश्न विचारावेत, आणि मगच वाक्यात उपयोग करावा.