मठांचे अवशेष आणि निर्मळची जत्रा

युरोपांतील कांहीं देशांत ओसाड मठांच्या आवारांत मध्ययुगीन बाजार भरवितात. लोहार भाता चालवितो, कुंभार चाक फिरवितो आणि विक्रेते त्या काळचे पोशाख अंगावर चढवितात. जत्रा उठली कीं पोशाखही उतरतात. श्रोत्यांपैकीं ज्यांस जुना बाजार पाहण्याची हौस असेल, त्यांस इतक्या लांब जाण्याचें कारण नाहीं. कार्तिक वद्य एकादशीच्या सुमारास बोईसर किंवा पालघर स्थानकावर गाडींत बसून वसई गांठावी, म्हणजे झालें.

प्रथम किल्ला पाहावा. १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा पंथांचे मठ उभे राहिले. मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतला. आज फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्यें फरशीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. वर मात्र उघडें आकाश आहे.

तेथून उत्तरेस निर्मळ. टेकडीवर शंकराचार्यांच्या समाधीचें मानलेलें मंदिर आहे. पोर्तुगीज अमलांत तें उद्ध्वस्त झालें आणि मराठ्यांचा अंमल आल्यावर पुन्हा उभें राहिलें. एकादशीस सुरू होणारी तेथील जत्रा कित्येक दिवस चालते. ज्यांच्यांत लढाया झाल्या तीं दोन्ही राज्यें गेलीं. परंतु हिंदु आणि ख्रिस्ती शेजारी आजही एकाच दुकानाशीं उभे राहून भाव करितात.

या जत्रेचा खरा जुना जिन्नस म्हणजे सुकेळीं. राजेळी जातीचीं पिकलेलीं केळीं सोलून आठवडाभर उन्हांत वाळवावयाचीं, रात्रीं दंव लागूं नये म्हणून झांकावयाचीं आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधावयाचीं. त्यांत साखर पडत नाहीं. अलीकडे मात्र राजेळीची लागवड रोडावली आहे. वाड्यांच्या जागीं इमारती आल्या, विहिरींचें गोडें पाणी उणावलें आणि आठ दिवस उन्हांत राबण्यास माणूस मिळेनासा झाला.

किल्ल्याच्या भिंतींस पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे. सुकेळ्यांस संरक्षण तें गिऱ्हाइकाचेंच. म्हणून जत्रेस जाणाऱ्यानें मुलांस पाळण्यांत बसवावें, खाजें घ्यावें, आणि सुकेळ्यांचें एक पुडकेंही घरीं न्यावें. तीं कशीं वाळविलीं हें विकणाऱ्या बाईस अवश्य विचारावें. तें ज्ञान अजून तरी तिच्यापाशीं आहे.