साहेब बदलतो, कामगार राहतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूलमूल सांभाळणारी बाई. कचेरीच्या कारभाराविषयी ही काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण घरच्या माणसाचे कामावर कसे चालले आहे, हे परत आलेल्या डब्यावरून आधी आपल्यालाच कळते.

आपल्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, सुमारे ७,००० एकरांवर पसरलेले. अशा ठिकाणी वर्दीतली माणसे आणि नागरी कामगार बरोबरीने राबतात. वर्दीतल्या साहेबाची दोन-तीन वर्षांत बदली होते. नागरी कामगार मात्र ६० व्या वर्षापर्यंत तिथेच. साहेबाजवळ हुकूम असतो, कामगाराजवळ त्या जागेची माहिती. या दोहोंची सांगड घालणे हेच साहेबाचे खरे काम.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान असेच एका लष्करी खात्यात होते. कोणत्या, ते सांगण्याचे कारण नाही. "त्या कोपऱ्यात पावसाळ्यात गळते, पेट्या तिथे ठेवू नये," असे त्यांनी साहेबांना सांगितले. "सांगितले तेवढे करा," असे उत्तर मिळाले. पेट्या भिजल्या, आणि ते गृहस्थ घरीही बोलेनासे झाले. पुढचे साहेब आले ते पहिल्याच दिवशी त्यांना बरोबर घेऊन सारी कोठारे हिंडले, काय कुठे बिघडते ते विचारून घेतले. पगार तोच, काम तेच. पण माणूस दहा मिनिटे आधीच घरून निघू लागला.

भगिनींनो, हा नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या भांडारात आग लागली. ती विझवताना दोन लष्करी अधिकारी गेले आणि अग्निशमनाची माणसेही गेली. आगीने कुणाचा हुद्दा विचारला नाही. जिथे जीव असा एकमेकांच्या हाती असतो, तिथे खालच्या माणसाला धोका दिसला तर तो न भिता सांगता आला पाहिजे. ज्याचे कुणी ऐकत नाही, तो एक दिवस सांगणेच सोडून देतो.

आपल्या मंडळातही पदाधिकारी बदलतात. सतरंज्या घालणाऱ्या, हिशेबाची वही जपणाऱ्या बाया त्याच राहतात. नव्या कार्यकारिणीने पहिली बैठक त्यांना विचारून घ्यावी, एवढीच माझी विनंती.