फुगेवाल्याची शिट्टी



आजची कविता रेडिओवर सांगायला जरा अवघड आहे, कारण तिची निम्मी गंमत डोळ्यांनी बघायची आहे. कवी ई. ई. कमिंग्ज. जन्म १८९४चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. गडी चित्रंही काढायचा, हे लक्षात ठेवा. ही कविता १९२० साली ‘द डायल’ मासिकात आली आणि १९२३मध्ये त्याच्या पहिल्या संग्रहात गेली. तिला शीर्षक नाही, पहिल्या शब्दांवरूनच ती ओळखतात.

घडतं एवढंच, की वसंत नुकता लागलाय आणि एक लंगडा फुगेवाला शिट्टी वाजवत येतो. मुलगे गोट्या नि चाच्यांचा खेळ टाकून धावतात, मुली ठिकरी नि दोरीवरच्या उड्या सोडून नाचत येतात. दोन मुलग्यांची नावं कमिंग्जनं मधल्या ‘आणि’सकट एकाच शब्दात चिकटवली आहेत, मुलींचीही तशीच. धापा टाकत आलेलं पोर ‘बंड्यानिपिंट्या आले!’ म्हणतं, तेव्हा तेही कुठे जागा सोडतं?

तिथला वसंत म्हणजे आपला चैत्र नव्हे. हिवाळाभराचं बर्फ वितळून सगळीकडे राड होते. आपल्याला त्यासाठी जून आठवावा लागेल. आपण कडेकडेनं चप्पल सांभाळत जातो, पोर मधूनच जाणार. कमिंग्ज त्या पोराच्या बाजूचा. चिखलाचं आणि डबक्यांचं कौतुक करायला शब्दकोशातलं विशेषण त्याला पुरत नाही, म्हणून तो जोडशब्द स्वतःच घडवतो.

आणि ती शिट्टी! तेच शब्द तीनदा येतात, पण मांडणी दर वेळी वेगळी. आधी शब्दाशब्दांत रुंद मोकळ्या जागा, शेवटी एकेका शब्दाला एकेक ओळ. आवाज लांब जातोय हे तो सांगत नाही, कागदावर अंतर टाकून दाखवतो. घरी तालीम करताना मी त्या जागांवर प्रामाणिकपणे थांबलो, तर आतून विचारणा झाली, ‘पुढचं विसरलात का?’ इथे स्टुडिओत तर चार सेकंद गप्प बसलो, तरी तुम्ही रेडिओ बिघडला म्हणाल.

फुगेवाला आधी लंगडा असतो, मग म्हातारा नि विचित्र, आणि शेवटी त्याला चक्क बकऱ्याचे पाय निघतात. हा ग्रीकांचा पॅन, पावा वाजवणारा रानदेव. काही टीकाकारांना त्यात पोरांना घरापासून दूर नेणारी सावली दिसते. असेलही. मला कौतुक त्या लंगडण्याचं वाटतं. खूर पहिल्या ओळींपासून तिथेच होते, आपण निव्वळ पाय अधू आहे समजून पुढे गेलो.

सबंध कवितेत एकही पूर्णविराम नाही. वाचायला मिनिटभर लागतं. हाती आली तर मोठ्यानं वाचा, आणि घरचे काहीही म्हणोत, मोकळ्या जागांवर थांबा.