तान्ह्या बाळाचे कान

बाळ घरी आलं की न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा क्रम ठरलेला असतो. पाय पसरून त्यावर बाळाला घ्यायचं, अंग चोळायचं, टाळू भरायची आणि शेवटी दोन्ही कानांत कोमट तेलाचे थेंब सोडायचे. ओल्या, निसरड्या बाळाला हाताळायचं कसं, हे नवी आई या बाईकडूनच शिकते. तिचा मान राखायलाच हवा. टाळायचे आहेत ते फक्त कानातले थेंब. तेलामुळे कान आतून ओलसर राहतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत तिथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. तेल जास्त तापलेलं असेल तर कोवळी कातडी भाजते.

मुळात कानातला मळ ही घाण नव्हे. नळीच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी तो तयार करतात. तो त्वचा कोरडी पडू देत नाही, धूळ अडवतो, जंतूंना आवर घालतो. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, तिच्याबरोबर मळही कडेला येतो.

मग कापसाची काडी आली कुठून? १९२३च्या सुमारास अमेरिकेत लिओ गर्स्टनझँग यांनी ती बाजारात आणली, आणि तीही बाळांसाठीच! आज त्याच काड्यांच्या डबीवर ‘कानात घालू नका’ अशी सूचना छापलेली असते. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काडीने कानाला इजा झालेली सुमारे २ लाख ६३ हजार मुलं तातडीच्या विभागात आणावी लागली. त्यातल्या बहुतेकांना ही इजा कान साफ करतानाच झाली होती. तान्ह्या बाळाची नळी तर अरुंद आणि आखूड. पडदा जवळच असतो. काडीने मळ निघण्याऐवजी आत ढकलला जातो, ते वेगळंच.

करायचं ते अगदी थोडं. आंघोळीनंतर मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावं आणि पाळी, बाहेरच्या घड्या, कानामागची खाच हलक्या हाताने पुसावी. ओघळलेलं दूध याच खाचेत साचून आंबतं, कातडी लाल होते. म्हणून ती कोरडी करायला विसरू नये. बोट, पीन, पिळलेली वात, काहीही आत जाता कामा नये.

कानातून पू, रक्त किंवा दुर्गंधी आली, बाळ दूध घेईना, तर डॉक्टरांकडे जावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर सकाळची वाटही पाहू नये.

आणखी एक गोष्ट घरोघरी पोहोचायला हवी. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत नळीत गर्भावरचा पांढरा लेप उरलेला असू शकतो. त्यामुळे ऐकू येण्याची पहिली चाचणी कधीकधी ‘पुन्हा करा’ असं सांगते. घाबरून कान कोरू नये. पण दुसरी तारीख चुकवूही नये. चाचणी पहिल्या महिन्यात, दोष असलाच तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू झाले, तर मूल बोलण्यात मागे पडण्याचा धोका बराच कमी होतो.