अतिदक्षता विभागातील परिचारिका : सेवाभावाला हवी विद्येची जोड



शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणला, तर अतिदक्षता विभाग ही केवळ शहरांची गरज आहे असे कुणी म्हणणार नाही. शिरूरवरून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वस्ती मोठी. दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. घोड आणि भीमेच्या काठी ऊस उभा आहे, उसात साप आहेत आणि शेतकऱ्याच्या पडवीत कीटकनाशकाचा डबा आहे. अपघात, भाजणे, विषबाधा, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका यांपैकी काहीही कुठल्याही घरी केव्हाही येऊ शकते. पुण्याची मोठी रुग्णालये येथून साठ ते ऐंशी किलोमीटरवर. तेवढ्या अंतरात रुग्णाचा श्वास चालू राहील की नाही, हे पुष्कळदा तालुक्याच्या ठिकाणी पहिल्या तासात काय झाले त्यावर ठरते.

त्या पहिल्या तासात, आणि पुढच्या प्रत्येक रात्री, रुग्णाच्या उशाशी कोण असते? डॉक्टर फेरी मारतात, निर्णय घेतात, सूचना लिहून ठेवतात. परंतु अखंड जागी असते ती परिचारिका. रक्तदाब घसरू लागला, लघवीचे प्रमाण कमी झाले, श्वासाची गती वाढली, रुग्ण उगाच बडबडू लागला, ही संकटाची पहिली पावले तिलाच दिसतात. दिसतात म्हणण्यापेक्षा, तिला पाहायला शिकवलेले असेल तर दिसतात. आजच्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आहे.

उदाहरण आपल्याच शिवारातले घ्यावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण अनेकदा सापडतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात झोप झाली नाही. विष मज्जातंतूंवर काम करत असते आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थकू लागतात. जाणती परिचारिका अशा रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावते. मघाशी पंचवीसपर्यंत गेलेला रुग्ण आता बारावरच थांबतो, तेव्हा मॉनिटरचा गजर वाजण्याची वाट न पाहता ती डॉक्टरांना उठवते. या परीक्षेला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसा लागत नाही. ज्ञान मात्र लागते. ते नसेल, तर शेजारी लाखो रुपयांचा व्हेंटिलेटर असूनही तो वेळेवर जोडला जात नाही.

अतिदक्षता या शास्त्राचा जन्मही यंत्रातून झालेला नाही. १९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याची पद्धत अवलंबली. पिशवी दाबायला शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस बसले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. गंभीर रुग्ण एका जागी, सतत जागत्या आणि शिकवलेल्या माणसांच्या नजरेखाली ठेवावेत, ही कल्पना तेथून जगभर गेली.

आता आपल्या मुलींकडे पाहू. शिरूर वा दौंड तालुक्यातील एखादी मुलगी बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करते. नोंदणी होते आणि पुण्याच्या एखाद्या खासगी रुग्णालयात तिला थेट अतिदक्षता विभागात उभे केले जाते. कृत्रिम श्वासावरील रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हा मान्य दंडक आहे. प्रत्यक्षात तिच्याकडे दोन-तीन रुग्ण सोपवले जातात. औषधांची पुस्तके इंग्रजीत, तिचे शिक्षण मराठीत. विचारले तर ज्येष्ठांना वेळ नाही. न विचारले तर चुकीची भीती. चार-पाच वर्षांत ती थकते, लग्नानंतर नोकरी सोडते किंवा परदेशाची वाट धरते. तिच्या हाताला आलेले कसब तिच्याबरोबर निघून जाते आणि त्या जागी पुन्हा नवी, घाबरलेली मुलगी उभी राहते. ही हानी त्या मुलीची आहेच, पण उद्या त्या खाटेवर असणाऱ्या आपल्या आईवडिलांचीही आहे.

वास्तविक पुढे जाण्याच्या वाटा आहेत. त्या घराघरांत माहीत नाहीत. जीएनएम झालेल्या मुलीला दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येची एक वर्षाची स्वतंत्र पदविका आखून दिली आहे. बीएस्सी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असणाऱ्यांसाठी गेल्या दशकात परिषदेने अतिदक्षतेतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्याचे बहुतांश शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशीच होते. यातून विभागप्रमुख, प्रशिक्षक, संसर्ग-नियंत्रण परिचारिका, अध्यापक अशी पदे खुली होतात.

शिकण्याची साधनेही आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम विनामूल्य मिळतो. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अतिदक्षता वैद्यक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आणि तिचे नियतकालिक कुणालाही मोबाइलवर वाचता येते. हृदय बंद पडल्यावर करावयाच्या उपचारांचे प्रमाणपत्र दोन दिवसांच्या वर्गात मिळते, मात्र दर दोन वर्षांनी ते नव्याने घ्यावे लागते. कारण हाताचे कौशल्य सरावाविना गंजते.

साधने आहेत, तर अडते कोठे? अडते ते वेळेपाशी, भाषेपाशी आणि मोबदल्यापाशी. बारा तासांची पाळी करून परतलेली मुलगी इंग्रजी मार्गदर्शिका उघडून बसेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय पदविका घेऊनही वेतनात फरक पडणार नसेल, तर ती का घ्यावी? उच्च शिक्षण घेतलेल्या परिचारिकांसाठी स्वतंत्र पदे आणि वेतनश्रेणी सर्वत्र निर्माण झालेल्या नाहीत, हे कटू सत्य आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता कक्ष उभारण्याची योजना आहे. इमारती होतील, यंत्रे येतील. ती चालवणारे हात तयार करण्याचे नियोजनही तितक्याच गांभीर्याने झाले पाहिजे.

सर्व काही शासनाने करावे, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. महाराष्ट्राला याबाबत उजळ परंपरा आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. परिचारिकेचे काम हलके मानले जाण्याच्या त्या काळात रमाबाई रानडे यांनी घरंदाज घरांतील स्त्रियांना, विधवांना या शिक्षणाकडे वळवले आणि ससून रुग्णालयाच्या साह्याने त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. टीका झाली, टवाळी झाली; काम थांबले नाही. दुसरे उदाहरण महाडचे. विंचूदंशाने माणसे दगावत असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला. नोंदवही नीट ठेवली, तर तालुक्याचे रुग्णालयही विद्यापीठ होऊ शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

तेव्हा शिरूर-दौंडमध्ये काय करता येईल? दोन्ही ठिकाणच्या शासकीय व खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी महिन्यातून एकदा दोन तास एकत्र यावे, एका रुग्णाची कहाणी मांडावी, काय बरोबर झाले आणि काय निसटले ते निर्भयपणे बोलावे. निवृत्त परिचारिकांनी शिकवावे. औषधांच्या मात्रा, व्हेंटिलेटरचे गजर, विषबाधेतील निरीक्षणे यांचे मराठी तक्ते डॉक्टरांकडून तपासून घेऊन भिंतीवर लावावेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र उद्योगांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या उद्योगांकडे पदविकेच्या शिष्यवृत्त्या मागाव्यात. रुग्णालय चालकांनी शिकण्याचे तास कामाचे तास म्हणून मोजावेत आणि कौशल्याप्रमाणे वेतन वाढवावे. आणि घरच्यांनी, विशेषतः सासरच्यांनी, रात्रपाळी करून आलेल्या सुनेला झोपेचे आणि अभ्यासाचे तास सन्मानाने द्यावेत. या शेवटच्या कामाला तर कुठल्याच निधीची गरज नाही.

२२ मार्च २०२० रोजी आपण सर्वांनी थाळ्या वाजवून परिचारिकांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, गुलाबपुष्पेही देतो. ते योग्यच आहे. परंतु सेवाभावाचे कौतुक करून तिच्या विद्येची उपेक्षा करणे, ही कृतज्ञतेची अर्धीच बाजू झाली. तिच्या हातात पुस्तक, तिच्या पाळीत अभ्यासाचा तास आणि तिच्या वेतनात तिच्या ज्ञानाचे मोल, एवढे तिला मिळाले, तर मण्यारीच्या विषाने पापण्या मिटू लागलेल्या शेतकऱ्याला पुण्याच्या वाटेवर प्राण सोडावा लागणार नाही.